युद्धकथेतील भय आणि प्रीती



या व्यासपीठावरून आपण वेदान्त ऐकला आहे, अर्थकारण ऐकले आहे, संतवाङ्मयावरची व्याख्याने तर दरसाल ऐकता. त्या मानाने माझा आजचा विषय अंमळ हलका वाटेल. कार्यक्रमपत्रिका हाती पडताच माझ्या एका स्नेह्यांनी मला रस्त्यात गाठून विचारले, "तुम्हांला दुसरा विषय मिळाला नाही काय? युद्ध, हेर आणि प्रेमप्रकरण! हा काय व्याख्यानाचा विषय?" मी म्हटले, "आपण असली पुस्तके वाचत नाही?" ते म्हणाले, "वाचतो की! पण प्रवासात."

मंडळी, या उत्तरात आपणा सर्वांचीच मनोवृत्ती आली आहे. ज्ञानेश्वरी देव्हाऱ्याजवळ ठेवावयाची, चरित्रग्रंथ कपाटात ठेवावयाचे आणि हेरांची कादंबरी गाडीत वाचून गाडीतच विसरावयाची. परंतु गाडी स्टेशनात शिरली, हमाल दाराशी आला, तरी शेवटची चार पाने संपविल्याखेरीज ज्या पुस्तकातून डोके वर निघत नाही, त्या पुस्तकात आपल्याला धरून ठेवणारे असे असते तरी काय? हा प्रश्न मला हलका वाटत नाही, आणि आज त्याच प्रश्नाचा आपण मिळून विचार करावा अशी माझी इच्छा आहे.

प्रथम एक कोडे आपल्यापुढे ठेवतो. साध्या रहस्यकथेत खून कोणी केला हे वाचकाला ठाऊक नसते, म्हणून तो पाने उलटीत जातो. हे समजण्यासारखे आहे. पण दुसऱ्या महायुद्धावरच्या कादंबरीत शेवट लपविण्यास जागाच कोठे आहे? हिटलर हरला, हे शाळेतला मुलगाही सांगेल. ६ जून १९४४ रोजी दोस्त सैन्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरली आणि ती तेथे टिकली, हे पुस्तक उघडण्यापूर्वीच आपल्याला माहीत असते. मग छाती धडधडते ती कशासाठी?

याचे उत्तर शोधावयास फार लांब जावयास नको. आपण कीर्तनात अभिमन्युवधाचे आख्यान ऐकलेच असेल. अभिमन्यू चक्रव्यूहातून बाहेर येणार नाही हे मंडपातल्या प्रत्येक म्हातारीला पक्के ठाऊक असते. तरीही बुवा उत्तरेचा निरोप सांगू लागले की साऱ्या मंडपात कोणी खोकतसुद्धा नाही. सिंहगडाचा पोवाडा घ्या. १६७० साली गड आला, ही गोष्ट ऐकणाऱ्याला नवी नाही. गडाचा कडा किती हात उंच होता हे आपल्याला आठवत नाही. पण मुलाच्या लग्नाची अक्षत देण्यास आलेला बाप लग्न तसेच टाकून मोहिमेवर निघाला, हे मात्र जन्मभर विसरत नाही. युद्धाचा निकाल ठरलेला असतो. त्या मांडवाचे, त्या उत्तरेचे काय होणार, येथे आपला जीव अडकलेला असतो. इतिहास निकाल सांगतो. त्या निकालाची किंमत कोणत्या घराने भरली, हे कथा सांगते. युद्धावरच्या हेरकथेत प्रेम येते ते याचसाठी, असे माझे म्हणणे आहे. आणि ज्या कथेत ते याखेरीज दुसऱ्या कशासाठी येते, ती कथा कच्ची समजावी.

आता एक प्रत्यक्ष पुस्तक घेऊ. केन फॉलेट या ब्रिटिश लेखकाची 'आय ऑफ द नीडल' ही कादंबरी १९७८ साली प्रसिद्ध झाली आणि १९८१ साली तिच्यावर चित्रपटही निघाला. ती ज्या पायावर उभी आहे तो पाया संपूर्ण ऐतिहासिक आहे, म्हणून आधी तो इतिहास थोडक्यात सांगतो.

फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरावयाचे ठरले तेव्हा इंग्लंड-अमेरिकेपुढे मोठी अडचण होती. लक्षावधी माणसे व हजारो जहाजे लपविता येत नाहीत. स्वारी होणार हे जर्मनांना कळणारच होते. तेव्हा स्वारी लपविण्याऐवजी तिची जागा लपवावी, असे ठरले. नॉर्मंडीत उतरावयाचे, पण शत्रूची समजूत मात्र अशी करून द्यावयाची, की खरा घाला कॅलेवर पडणार आहे. कॅले हे इंग्लंडला सर्वांत जवळचे, म्हणून ते शत्रूला पटण्यासारखेही होते. यासाठी इंग्लंडच्या आग्नेय भागात एक अख्खे सैन्य केवळ कल्पनेने उभे करण्यात आले. जनरल पॅटन याला त्याचा सेनापती म्हणून मिरविण्यात आले. बंदरांतून लोखंडी नळ्या व कापड यांच्या नकली नौका तरंगत ठेवल्या. नसलेल्या पलटणी एकमेकींना बिनतारी संदेश धाडू लागल्या. या साऱ्या बनावाला 'फॉर्टिट्यूड', म्हणजे धैर्य, असे सांकेतिक नाव होते.

हा बनाव ज्यांनी उघडा पाडला असता ते ब्रिटनमधले जर्मन हेर. पण इंग्रजांच्या गुप्तचर खात्याने त्यांना एक तर पकडले होते किंवा फितवून आपल्याच कामाला लावले होते. बर्लिनला पोहोचणारी बातमी इंग्रजांच्या टेबलावर लिहिली जात होती. हा झाला इतिहास. फॉलेटने काय केले? त्याने या खऱ्या भिंतीत एकच खोटी खुंटी ठोकली. समजा, एक हेर इंग्रजांच्या हातून निसटला असता तर? समजा, त्याने ते नकली सैन्य डोळ्यांनी पाहिले असते, त्याची छायाचित्रे घेतली असती, आणि ती घेऊन तो जर्मन पाणबुडीकडे निघाला असता तर? त्या एका खुंटीवर सारी कादंबरी टांगलेली आहे.

हा हेर फेबर, कामात अत्यंत कुशल आणि तितकाच निर्दय. पाठलाग चुकवीत तो समुद्रावर येतो, वादळात सापडतो आणि स्कॉटलंडजवळच्या एका ओसाड बेटावर जाऊन आदळतो. त्या बेटावर चार माणसे राहतात. एक म्हातारा मेंढपाळ, आणि एक कुटुंब: नवरा, बायको व लहान मूल. नवरा वैमानिक व्हावयाचा, पण लग्न होते न होते तोच मोटारीच्या अपघातात त्याचे पाय गेले. पायांबरोबर त्याच्या मनाचा ओलावाही गेला. बायको ल्यूसी चार वर्षे त्या बेटावर मेंढरे, धुके आणि नवऱ्याचा अबोला यांच्या सोबतीने दिवस काढीत आहे. अशा घराच्या दारात हा भिजलेला, दमलेला, मृदू बोलणारा परका पुरुष येऊन पडतो. ती त्याच्यावर प्रेम करू लागते. तो कोण आहे हे वाचकाला ठाऊक आहे; तिला नाही.

पुढे काय होते ते मी सांगणार नाही. वाचनालयात पुस्तक मागण्याची आपली इच्छा मारण्याचे पाप मला नको. पण एवढे ध्यानात घ्या की, लंडनमधले सेनापती, मुत्सद्दी, चर्चिल, सारे एका बाजूला राहतात आणि फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या सैन्याचे भवितव्य एका अज्ञात गृहिणीच्या हाती येऊन पडते. तिने जर त्या माणसावर प्रेम केले नसते, तर त्याच्याशी झुंजणे हे नुसते धाडस ठरले असते. प्रेम केले म्हणून ते दुःखही झाले. ज्याच्या डोक्यावरून आपण काल हात फिरविला त्यालाच आज थांबवावयाचे, आणि थांबविले नाही तर आपल्याला कधीही न दिसणारी हजारो माणसे मरावयाची! येथे भय आणि प्रीती यांचे दोन डबे वेगळे राहत नाहीत. प्रीती काढून घ्या, भयही निम्मे उरेल.

यावर कोणी म्हणेल, "हे सारे कादंबरीत ठीक आहे. खऱ्या युद्धात असे काही घडत नसते." शंका रास्त आहे. म्हणून आता कादंबरी मिटवून ठेवू आणि त्याच फॉर्टिट्यूडच्या खऱ्या इतिहासातला एक संसार पाहू.

हुआन पुजोल हा बार्सिलोनाचा स्पॅनिश मनुष्य. स्पेनच्या यादवी युद्धाने त्याला सर्व प्रकारच्या हुकूमशाहीचा वीट आणला होता. इंग्रजांसाठी हेरगिरी करावी म्हणून त्याने त्यांचे दार ठोठावले. इंग्रजांनी ते उघडले नाही. तेव्हा त्याने जर्मनांकडे जाऊन त्यांचा विश्वास संपादन केला. जर्मनांनी त्याला इंग्लंडला धाडले, आणि हा गृहस्थ लिस्बनमध्येच बसून, प्रवाशांसाठी असलेल्या मार्गदर्शक पुस्तकांच्या आधारे, 'लंडनहून' बातम्या पाठवू लागला! ग्लासगोचे लोक लिटरभर दारूसाठी काहीही करतील असेही त्याने ठोकून दिले. स्कॉटिश माणूस काय पितो याची त्या स्पॅनिश माणसाला कल्पना नव्हती. जर्मनांनाही ती नसावी, कारण ते खपले. अखेर १९४२ साली इंग्रजांनी त्याला लंडनला नेले आणि 'गार्बो' हे सांकेतिक नाव दिले. तेथून त्याने आपल्या हाताखाली सत्तावीस हेर असल्याचा देखावा उभा केला. त्यांतला एकही अस्तित्वात नव्हता. त्यांतल्या लिव्हरपूलच्या एकाला जेव्हा अडचणीचा म्हणून 'मारावे' लागले, तेव्हा वर्तमानपत्रात त्याच्या निधनाची बातमी छापली गेली, आणि जर्मनांनी त्या नसलेल्या माणसाच्या नसलेल्या विधवेला पैसे मंजूर केले. कादंबरीकाराने यापुढे हात टेकावेत!

आपण हसलात, मीही पहिल्यांदा वाचले तेव्हा हसलो. पण या पुजोलला एक खरी बायकोही होती. तिचे नाव अरासेली. इंग्रजांशी संधान बांधण्याच्या खटपटीत तिचाही वाटा होता. ती भोळी किंवा भित्री बाई नव्हती. लंडनच्या एका उपनगरात लहान मुलांना घेऊन ती राहत होती. तिला इंग्रजी येत नव्हते. नवरा दिवसभर कामावर, आणि काम काय ते कोणाला सांगावयाचे नाही. लंडनमधल्या स्पॅनिश लोकांत मिसळावयाची बंदी, कारण गुपित फुटेल. तिला तिच्या आईची आठवण येई आणि आईला भेटण्यास स्पेनला जाऊ देत नसत. बटाटे फार आणि मासळी थोडी, अशी तिची जेवणाविषयीसुद्धा तक्रार होती. ही तक्रार सरकारी दफ्तरात नोंदलेली आहे. ज्या दफ्तरात सैन्यांच्या हालचाली लिहिल्या, त्याच दफ्तरात एका परदेशी पडलेल्या बाईचे मासळीवाचून अडलेले जेवणही लिहून ठेवलेले आहे, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

१९४३ च्या जूनमध्ये तिचा धीर सुटला. मला घरी जाऊ द्या, नाही तर मी स्पॅनिश वकिलातीत जाऊन सारे सांगेन, असे तिने बजावले. विचार करा. वकिलातीत तिने चार वाक्ये बोलावीत, आणि दोन वर्षांचा बनाव कोसळावा. गुप्तचर खाते हादरले. यातून मार्ग काढला तो खुद्द पुजोलने. तिच्या वागण्यामुळे तिच्या नवऱ्याला अटक झाली आहे, असे तिला सांगण्यात आले. डोळे बांधून तिला हेरांच्या तुरुंगछावणीत नेले. समोर तिचा नवरा कैद्याच्या वेषात, दाढी वाढलेला. तो निर्दोष आहे, आपण पुन्हा असे करणार नाही, अशी कबुली देऊन तिने कागदावर सही केली, आणि नवरा 'सुटून' घरी आला. सारे नाटक होते. जर्मन सेनापतींना फसविणाऱ्या माणसाने त्याच कौशल्याने आपल्या बायकोला फसविले. आणि ती फसली याचे कारण एकच, की तिचे त्याच्यावर प्रेम होते. तिला नवऱ्याची पर्वा नसती, तर या नाटकाचा काही उपयोग झाला नसता.

आता याचे दुसरे टोक पाहा. नॉर्मंडीच्या स्वारीनंतर तिसऱ्या दिवशी, ९ जून १९४४ रोजी, पुजोलने जर्मनांना कळविले की नॉर्मंडी ही केवळ हूल आहे, खरा घाला पुढेच आहे. हा संदेश वरपर्यंत गेला, त्यावर विश्वास बसला, आणि कॅलेच्या बाजूला राखून ठेवलेले जर्मन सैन्य कित्येक आठवडे मुख्यतः तेथेच वाट पाहत बसले. त्या आठवड्यांत नॉर्मंडीच्या वाळूवर किती जीव वाचले असतील! त्या वर्षी जर्मनांनी पुजोलला आपला लोहक्रूस दिला आणि इंग्रजांनीही आपला किताब दिला. अरासेलीला कोणी काही दिले नाही. तो संसार युद्धानंतर टिकला नाही. १९४९ साली पुजोल मरण पावल्याची बातमी पसरविण्यात आली. तीही बनावटच होती. तो व्हेनेझुएलात पुस्तकांचे दुकान चालवीत होता, आणि १९८४ साली अवचित जगापुढे आला. अरासेलीच्या त्या प्रसंगाचे कागद तर २०१६ साली खुले झाले. म्हणजे त्र्याहत्तर वर्षे ते कागद दफ्तरात बांधून पडले होते.

मी आपल्याला विचारतो, पुजोलने केले ते योग्य की अयोग्य? एका पारड्यात हजारो सैनिकांचे प्राण आणि दुसऱ्यात एका स्त्रीचा विश्वास. हिशेब केला तर उत्तर सोपे आहे, आणि तरीही मन त्या उत्तराशी स्वस्थ बसत नाही. ती स्वस्थता न मिळणे, हेच मला या प्रकारच्या वाङ्मयाचे खरे काम वाटते. इतिहासाच्या पुस्तकात 'फॉर्टिट्यूड यशस्वी झाले' असे एक वाक्य येते. चांगली कथा त्या वाक्याच्या मागे जाऊन ती सही करणारा हात आपल्याला दाखविते.

आणखी एकच उदाहरण देतो आणि समारोपाकडे वळतो. शत्रूच्या मुलुखात उतरणाऱ्या इंग्रज हेरांना गुप्त लिपीसाठी एखादी कविता पाठ करावयास सांगत. कवितेतले पाच शब्द निवडावयाचे, त्यांच्या अक्षरांना क्रमांक द्यावयाचे, आणि त्या क्रमाने संदेशातली अक्षरे दोनदा उलटीपालटी करावयाची. पद्धत सोपी, कारण कागद जवळ बाळगावा लागत नाही. पण धोका असा, की कविता प्रसिद्ध असली तर शत्रू ती ओळखून पुस्तकातून काढू शकतो. लिपीखात्यातला लिओ मार्क्स या तरुण अधिकाऱ्याने म्हणून कोठेही न छापलेल्या नव्या कविता देण्यास सुरुवात केली. पुढे तर त्याने रेशमी कापडावर किल्ल्या छापून दिल्या, म्हणजे त्या कपड्याच्या अस्तरात दडाव्यात आणि झडतीत हाताला कुरकुर लागू नये. या मार्क्सची रूथ नावाची प्रेयसी कॅनडात विमान अपघातात गेली. तिच्यासाठी त्याने १९४३ च्या नाताळात एक लहानशी कविता लिहिली, आणि १९४४ साली तीच कविता त्याने व्हायोलेट झाबो या तरुणीला लिपीसाठी दिली.

व्हायोलेटचे आयुष्य कोणत्याही कादंबरीला लाजविणारे आहे. तिची आई फ्रेंच, बाप इंग्रज. १९४० साली लंडनला फ्रेंच राष्ट्रीय दिनाच्या दिवशी एक फ्रेंच सैनिक तिला भेटला आणि सहा आठवड्यांच्या आत त्यांचे लग्न झाले. १९४२ साली मुलगी झाली. पण बापाने तिचे तोंड पाहण्याआधीच तो एल अलामीनच्या रणात पडला. विधवा व्हायोलेट हेरखात्यात शिरली, दोनदा फ्रान्सला गेली, दुसऱ्या खेपेला १० जून १९४४ रोजी पकडली गेली, आणि १९४५ च्या आरंभी राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत तिला मारण्यात आले. तेव्हा तिचे वय होते तेवीस. तिला मरणोत्तर मिळालेला जॉर्ज क्रॉस तिच्या चार वर्षांच्या मुलीने राजाच्या हातून घेतला. पुढे १९५८ साली तिच्यावर चित्रपट निघाला आणि ती कविता जगाला माहीत झाली.

मृत प्रेयसीसाठी लिहिलेली कविता एका विधवेच्या मुखात गुप्त लिपीची किल्ली झाली. भय आणि प्रीती एकत्र येणे ही कादंबरीकारांची युक्ती आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हा प्रसंग आठवावा. युद्धानेच ती एकत्र केली. कादंबरीकार मागाहून आला.

पण येथेच एक टोचणी लागते, ती मी आपल्यापासून लपवीत नाही. माणसे खरोखर मेली, मुले पोरकी झाली, आणि आपण त्यावर रचलेल्या गोष्टी गाडीत शेंगदाणे खात वाचावयाच्या, हे शोभते काय? मी या प्रश्नाचा बराच विचार केला आहे. शोभते, पण अटीवर. लेखक त्या मेलेल्यांकडून उसने घेत असतो. ते ऋण त्याने खरेपणाने फेडले पाहिजे. ते फेडले आहे की नाही हे ओळखण्यासाठी दोन साध्या कसोट्या सांगतो. पुस्तकातले प्रेमप्रकरण मनातल्या मनात काढून टाका. कथेला काही धक्का बसला नाही, तर ते प्रेम गिऱ्हाइकासाठी घातलेली वेलची समजा. दुसरे असे, की शेवटी कोणी काय गमावले ते मोजा. नायक-नायिकेच्या अंगाला ओरखडा नाही, गमावलेले काहीच नाही, आणि युद्ध मात्र जिंकले, असे असेल, तर त्या लेखकाने ऋण बुडविले म्हणावे.

आणि ज्या पुस्तकाने या दोन्ही कसोट्या पार केल्या, ते गाडीत विसरू नका. घरी आणा. त्यातल्या ल्यूसीजवळ अरासेलीला बसवा, व्हायोलेटच्या मुलीला बसवा. पुढे कधी वर्तमानपत्रात 'आघाडीवर आगेकूच' अशी ओळ वाचाल, तेव्हा त्या ओळीखाली कोणत्या घरात कोण आईच्या आठवणीने झुरत असेल, कोण कशावर सही करीत असेल, हा विचार क्षणभर तरी मनात येईल.

माझ्या त्या स्नेह्यांना मी समोर पाहतो आहे. ते आले, शेवटपर्यंत बसले, आणि मध्येच घड्याळही पाहिले नाही. प्रवासात वाचावयाच्या विषयाला एवढा मान पुरे झाला.